निद्रानाशाच्या रुग्णावर बोधनिक वर्तन चिकित्सा कशी कार्य करते?

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांची परिगणना चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय या अकराव्या अध्यायात आलेली आहे, हे आपणां सर्वांस विदित आहेच. त्याच अध्यायात पुढे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे औषधाचे तीन प्रकारही सांगितलेले आहेत. निद्रेचे महत्त्व आणि सत्त्वावजयाचा निर्देश असे एकाच अध्यायात शेजारी असूनही निद्रानाशाचा रुग्ण समोर येऊन बसला, की आपला हात प्रायः औषधी द्रव्यांकडेच वळतो. शिरोधारा, पादाभ्यंग, म्हशीचे दूध, जटामांसी, तगर यांचे स्थान निर्विवाद आहे. परंतु चिकित्सालयात असा एक रुग्णवर्ग नित्य येतो, की ज्यास या उपायांनी आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि पुनश्च मूळ स्थिती येते. पुढे तो वैद्य बदलतो, औषध बदलतो आणि अखेरीस झोपेच्या गोळीच्या आधीन होतो.

या रुग्णवर्गासाठी आधुनिक मानसशास्त्राने एक औषधविरहित चिकित्सा सिद्ध केली आहे. तिला कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, संक्षेपाने सीबीटी, असे म्हणतात. मराठीत बोधनिक वर्तन चिकित्सा हा शब्द रूढ होत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने 2016 मध्ये जीर्ण निद्रानाशाच्या सर्व प्रौढ रुग्णांना प्रथम हीच चिकित्सा द्यावी, अशी शिफारस केली. युरोपातील निद्राविषयक मार्गदर्शक सूचनांनी 2017 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये हाच अभिप्राय दिला. ज्या वैद्यकशास्त्रावर आपण गोळ्यांच्या अतिरेकाचा आक्षेप घेतो, त्यानेच गोळीला दुसरे स्थान दिले, ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. ही चिकित्सा रुग्णावर नेमकी कशी कार्य करते आणि आपल्या व्यवसायात तिचा उपयोग कोठवर करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

पूर्वपीठिका

या पद्धतीचे दोन प्रवाह आहेत. पहिला विचारांचा. न्यूयॉर्क येथील अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास अशी मांडणी केली, की मनुष्यास व्यथित करते ती घटना नसून घटनेविषयीची त्याची धारणा होय. एलिस यांची विचारपद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. त्यानंतर 1960 च्या दशकात फिलाडेल्फिया येथील मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी अवसादाच्या रुग्णांच्या मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांचा अभ्यास करून त्यावर उपचारपद्धती उभी केली. बेक यांचे 2021 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी निधन झाले. दुसरा प्रवाह वर्तनाचा. सवय कशी लागते आणि कशी सुटते, या अभ्यासातून तो आला. निद्रानाशाच्या बाबतीत रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये आणि आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये जे विधी सांगितले, ते आजही या चिकित्सेचा कणा आहेत.

हेतुविचार

स्पीलमन यांनी जीर्ण निद्रानाशाचे हेतू तीन वर्गांत विभागले. पहिला वर्ग पूर्वप्रवृत्तीचा, म्हणजे रुग्णाची मूळची संवेदनशील, चिंताशील घडण. दुसरा प्रवर्तक हेतूंचा: घरातील मृत्यू, बदली, प्रसूती, आजारपण, मुलीचे लग्न. तिसरा वर्ग धारक हेतूंचा, म्हणजे झोप बिघडल्यावर ती सुधारावी म्हणून रुग्ण स्वतः जे जे करतो आणि ज्यामुळे व्याधी टिकून राहतो, ते सर्व.

या तिसऱ्या वर्गाकडे वैद्यांनी विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते. रात्री झोप लागत नाही म्हणून रुग्ण साडेनऊलाच अंथरुणावर पडतो. पहाटे डोळा लागला म्हणून उशिरापर्यंत पडून राहतो. दुपारी जेवणानंतर तासभर झोपून भरपाई करतो. थकवा जावा म्हणून चहाचे प्रमाण वाढवितो. रात्री वारंवार घड्याळ पाहतो आणि उद्या कामावर काय होईल याची गणिते करतो. मूळ प्रसंग सहा महिन्यांपूर्वीच संपलेला असतो, तथापि या सवयी निद्रानाश चालू ठेवतात. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे आद्य सूत्र मानणाऱ्या आपणांस हे सांगणे न लगे, की धारक हेतू कायम असताना दिलेले औषध अल्पकाळच उपयोगी पडते. बोधनिक वर्तन चिकित्सा याच हेतूंवर उपचार करते.

पहिली पायरी: निद्रानोंद

चिकित्सेचा आरंभ एका साध्या नोंदवहीने होतो. एक ते दोन आठवडे रुग्णाने दररोज सकाळी काही गोष्टी लिहून ठेवायच्या: अंथरुणावर केव्हा गेलो, अंदाजे केव्हा झोप लागली, रात्री किती वेळा व किती काळ जाग आली, शेवटी केव्हा उठलो, दिवसा झोपलो काय, चहा, तंबाखू वा मद्य घेतले काय. घड्याळ पाहून मिनिटे मोजायची नाहीत, अंदाज पुरे.

रुग्ण व वैद्य यांचे संभाषण मग काहीसे असे होते. "काका, वहीप्रमाणे तुम्ही रोज साडेनऊला अंथरुणावर जाता आणि सहाला उठता. म्हणजे साडेआठ तास झाले. त्यांत झोप किती?" "वैद्यराज, मला तर वाटायचे डोळ्याला डोळा लागत नाही. पण लिहून पाहिले तर साडेपाच तास भरतात." नोंदीमुळे रुग्णाची स्वतःविषयीची कल्पना आणि वस्तुस्थिती यांतील अंतर त्याला प्रथमच दिसते. चिकित्सेचे निम्मे कार्य येथेच सुरू होते, कारण ही माहिती वैद्याने सांगितलेली नसून रुग्णाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील असते.

दुसरी पायरी: शय्याकालाचे नियमन

वरील उदाहरणात साडेआठ तासांच्या शय्येत साडेपाच तास झोप, म्हणजे शेकडा 65 झोप झाली. या प्रमाणास निद्राक्षमता म्हणतात. स्पीलमन यांच्या विधीप्रमाणे आता अंथरुणावरील काळ साडेपाच तासांइतकाच ठेवावयाचा. उठण्याची वेळ सहाची कायम, म्हणून अंथरुणावर जाण्याची वेळ साडेबारा. रुग्णास हे ऐकून आश्चर्य वाटते: झोप मिळत नाही म्हणून आलो, आणि वैद्य तर जागायला सांगतात!

यामागील कार्यकारणभाव असा. जागृतावस्थेत निद्रेचा दाब हळूहळू साठत जातो आणि झोपेत तो ओसरतो. झ्यूरिच येथील अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये निद्रानियमनाचे जे प्रतिरूप मांडले, त्यात हा दाब आणि शरीराचे चोवीस तासांचे अंतर्गत घड्याळ असे दोन घटक आहेत. लवकर आडवे होणे, उशिरा उठणे आणि दिवास्वाप यांमुळे दाब पुरेसा साठत नाही आणि झोप पातळ, तुटक होते. शय्याकाल आखडला की दाब वाढतो, झोप लवकर लागते आणि सलग लागते. उठण्याची वेळ नियमित ठेवल्याने अंतर्गत घड्याळही मार्गावर येते.

आठवड्याने नोंद पुन्हा पाहावयाची. साडेपाच तासांच्या शय्येत पाच तास झोप झाली असेल, तर निद्राक्षमता शेकडा 91 झाली. क्षमता 85 ते 90 च्या वर गेली, की पंधरा मिनिटे वाढवून द्यावयाची, म्हणजे आता सव्वाबारास झोपावयाचे. असे करीत करीत रुग्णास दिवसा ताजेपणा वाटेल इतक्या काळापर्यंत नेऊन थांबावयाचे. शय्याकाल पाच तासांपेक्षा कमी करू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. पहिले एक-दोन आठवडे दिवसा गुंगी व चिडचिड वाढते. याची पूर्वकल्पना रुग्णास व घरच्यांस दिली नाही, तर रुग्ण चौथ्या दिवशीच उपचार सोडतो.

तिसरी पायरी: शय्या आणि जागरण यांचे साहचर्य तोडणे

असे रुग्ण बाहेरच्या खोलीत दूरदर्शनसमोर पेंगतात आणि अंथरुणावर पाठ टेकली की टक्क जागे होतात, हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांनी ऐकला असेल. महिनोन्महिने अंथरुणावर तळमळत काढल्याने शय्या हीच जागरणाची सूचना झालेली असते. बूटझिन यांचा विधी या साहचर्यावर उपचार करतो. खरोखर झोप येऊ लागली तरच अंथरुणावर जावे. शय्येचा उपयोग निद्रा व दांपत्यजीवन यांखेरीज कशासाठीही करू नये. तेथे वाचन, मोबाइल, हिशेब, चर्चा नको. सुमारे पंधरा-वीस मिनिटांत झोप न लागल्यास उठून दुसरीकडे जाऊन बसावे आणि झोप आल्यावरच परतावे. असे रात्रीतून कितीही वेळा करावे लागले तरी करावे. सकाळी ठरल्या वेळीच उठावे. दिवसा झोपू नये.

आपल्याकडील घरांत दुसरी खोली नसते, ही अडचण खरी आहे. एका खोलीच्या घरात अंथरुणाबाहेर चटईवर वा खुर्चीत मंद प्रकाशात बसले तरी हेतू साधतो. अंथरूण सोडणे महत्त्वाचे. दिवास्वापाचा निषेध आपल्या शास्त्रात ग्रीष्मादि अपवाद सांगून केलेला आहेच, त्यामुळे हा नियम आपल्या रुग्णांस समजावणे सोपे जाते.

चौथी पायरी: विचारांची तपासणी

आता बोधनिक अंगाकडे वळू. कॅनडातील शार्ल मोरँ यांनी निद्रानाशाच्या रुग्णांच्या झोपेविषयीच्या धारणांचा विशेष अभ्यास केला. या धारणा सर्वत्र सारख्याच आढळतात. 'आठ तास झोप झालीच पाहिजे.' 'आज झोप लागली नाही तर उद्या मी काहीच करू शकणार नाही.' 'असेच चालले तर मला वेड लागेल.' असे विचार रात्री अकरा वाजता मनात आले, की हृदयाची गती वाढते, स्नायू ताणले जातात आणि झोप दूर जाते. झोप गेली, की विचार खरा ठरल्यासारखा वाटतो. ऑक्सफर्ड येथे कार्य केलेल्या ॲलिसन हार्वे यांनी 2002 मध्ये या चक्राचे सविस्तर विवेचन केले.

येथे उपदेशाचा उपयोग नसतो. 'काळजी करू नका' असे रुग्णास घरातील प्रत्येकाने सांगून झालेले असते. चिकित्सक प्रश्न विचारतो. "मागील आठवड्यात सर्वांत कमी झोप कोणत्या रात्री झाली? दुसऱ्या दिवशी कामावर गेलात काय? काय काय पार पडले, काय राहिले?" रुग्ण आठवून सांगतो, की थकवा होता परंतु काम झाले. मग मूळ विचार कागदाच्या एका बाजूस आणि त्याच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा दुसऱ्या बाजूस लिहावयाचा आणि अखेरीस अधिक यथार्थ असे वाक्य रुग्णानेच तयार करावयाचे. उदाहरणार्थ, 'झोप कमी झाली तर उद्याचा दिवस जड जाईल, परंतु निभावेल.' हे वाक्य गोड नाही, पण खरे आहे, म्हणून रात्री उपयोगी पडते. धारणेची परीक्षा प्रत्यक्ष प्रयोगानेही करतात. अंथरुणावर लवकर जाणे आवश्यकच आहे असे मानणारा रुग्ण एक आठवडा उशिरा जाऊन फरक स्वतः पाहतो.

याच्या जोडीस स्नायूंचे क्रमाने आकुंचन व शिथिलीकरण शिकविले जाते. सायंकाळी अर्धा तास बसून उद्याच्या चिंता व कामे लिहून ठेवण्याचा पाठही देतात. एकूण चिकित्सा प्रायः चार ते आठ बैठकांत, सहा-आठ आठवड्यांत पूर्ण होते.

फलश्रुती किती?

2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात 20 नियंत्रित चाचण्यांतील 1,162 रुग्णांचा विचार केलेला आहे. त्यानुसार झोप लागण्यास लागणारा वेळ सरासरी 19 मिनिटांनी आणि मध्येच जागे राहण्याचा वेळ 26 मिनिटांनी कमी झाला. निद्राक्षमता सुमारे शेकडा 10 ने वाढली. मात्र एकूण निद्राकाल केवळ 7-8 मिनिटांनी वाढला. म्हणजे ही चिकित्सा झोपेचे तास फार वाढवीत नाही. ती झोप एकत्र आणते आणि तळमळ कमी करते. रुग्णास हे आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

मोरँ व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 78 वृद्ध रुग्णांवर टेमाझेपाम ही गोळी व ही चिकित्सा यांची तुलना केली. आरंभीचा लाभ दोहोंतही दिसला, परंतु दोन वर्षांपर्यंत तो अधिक टिकला तो चिकित्सेच्या गटात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी एक चाचणी आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. निद्रानाश असलेल्या, परंतु त्या वेळी अवसाद नसलेल्या साठ वर्षांवरील 291 व्यक्तींपैकी एका गटास ही चिकित्सा व दुसऱ्यास केवळ निद्राविषयक शिक्षण दिले. तीन वर्षांत अवसादाचा विकार पहिल्या गटात शेकडा 12.2 आणि दुसऱ्यात शेकडा 25.9 जणांस झाला. निद्रानाशाची उपेक्षा केल्यास पुढे काय वाढून ठेवलेले असते, हे यावरून ध्यानी येते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. 'रात्री हलके जेवा, चहा टाळा, खोलीत अंधार ठेवा' एवढाच उपदेश म्हणजे ही चिकित्सा नव्हे. अशा सूचना योग्य आहेत, परंतु जीर्ण निद्रानाशात एकट्या त्यांवर विसंबू नये, असे अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने 2021 मध्ये स्पष्ट सुचविले आहे.

सत्त्वावजयाशी नाते

'यात नवे काय, हे तर आमच्या सत्त्वावजयातच आहे,' असे उद्गार परिसंवादांतून ऐकू येतात. मनाला अहितकर विषयांपासून परावृत्त करणे हे सत्त्वावजयाचे लक्षण आणि अयथार्थ विचारांची तपासणी हे सीबीटीचे कार्य यांत साम्य आहे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. सत्त्वावजय हे तत्त्व आहे. त्याचा निद्रानाशासाठी बैठकनिहाय विधी, मोजमापाचे साधन आणि चाचण्यांनी पडताळलेले फल आज आपल्या हाती तयार नाही. 'आमच्याकडे आहेच' असे म्हणून आपण थांबलो, तर ग्रंथाचा गौरव होईल, परंतु रुग्णाला रात्री साडेबारा वाजता काय करावयाचे ते कळणार नाही. उलटपक्षी दिनचर्या, ऋतुचर्या, प्रकृतिविचार आणि रुग्णाशी दीर्घ संवाद ही आपली परंपरा अशा विधींना अनुकूल भूमी आहे. पादाभ्यंग किंवा शिरोधारा चालू असतानाच निद्रानोंद ठेवता येते. आपल्या उपचारांचा खरा परिणाम किती, हेही त्या नोंदीतून कळेल.

वैद्यांनी घ्यावयाची सावधगिरी

निद्रानोंद, उठण्याची नियमित वेळ, दिवास्वापवर्जन आणि शय्येविषयीचे नियम एवढे कोणत्याही वैद्यास आपल्या चिकित्सालयात सुरू करता येईल. शय्याकालाचे कडक नियमन मात्र सर्वांस देऊ नये. अपस्मार, उन्मादाचे झटके येणारा द्विध्रुवी विकार, झोपेत चालण्याचा विकार यांत ते वर्ज्य समजावे. वाहनचालक व यंत्रावर काम करणारे यांच्या बाबतीत गुंगीमुळे अपघात संभवतो. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे व दिवसा अनावर झोप ही लक्षणे असल्यास निद्राश्वसनरोधाचा संशय धरून तपासणीस पाठवावे. पायांत रात्री होणारी अस्वस्थता, थायरॉइडचे विकार, वेदना व श्वासविकार यांचाही विचार करावा. पूर्ण चिकित्सेसाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे अथवा मानसोपचारतज्ज्ञाकडे रुग्णास पाठविणे उचित. रुग्णाच्या बोलण्यात जीवन नकोसे झाल्याचा सूर आला, तर प्रश्न सरळ विचारावा आणि विलंब करू नये. 2022 पासून केंद्र शासनाची टेली मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक चिकित्सालयात दर्शनी भागी लावावा.

सर्पगंधेविषयी स्वतंत्र सूचना करणे आवश्यक वाटते. झोपेसाठी सर्पगंधायुक्त कल्प देण्याचा प्रघात आहे. तीतील रिसर्पिन हे द्रव्य रक्तदाब उतरविते आणि अवसादाच्या रुग्णात ते वर्ज्य मानले जाते. झोप न येणाऱ्या रुग्णांत अवसादाचे रुग्ण पुष्कळ असतात. म्हणून पृच्छा केल्याविना हा कल्प देऊ नये.

औषधविक्रेत्यांस विनंती

निद्रानाशाचा रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी पुष्कळदा दुकानाच्या फळीवर येतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या औषधांचा समावेश 'एच-1' अनुसूचीत असून मार्च 2014 पासून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. ओळखीचे गिऱ्हाईक आहे म्हणून जुन्या चिठ्ठीवर पत्ता काढून देणे हे कायद्याविरुद्ध तर आहेच, शिवाय त्या गिऱ्हाइकाचे अहितही आहे. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्याने त्या एकाएकी बंद केल्यास तीव्र अस्वस्थता, प्रसंगी आकडीही येऊ शकते. 'गोळी फेकून द्या, हे चूर्ण घ्या' असा सल्ला म्हणून कोणीही देऊ नये. मात्रा हळूहळू कमी करणे हे मूळ चिकित्सकाच्या देखरेखीखालीच व्हावे. गोळी उतरविताना वरील चिकित्सा जोडीस असल्यास रुग्णाला मोठा आधार मिळतो.

निद्रानोंदीचा छापील तक्ता एका पानात मावतो. आठ स्तंभ आणि चौदा ओळी पुरतात. आपापल्या चिकित्सालयात व दुकानात असे तक्ते ठेवून पुढील तीन महिन्यांत निद्रानाशाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णास औषधासोबत एक तक्ता द्यावा, असे आम्ही सर्व सभासदांस सुचवितो. पंधरा दिवसांनी भरलेला तक्ता घेऊन रुग्ण परत येईल, तेव्हा चिकित्सेची दिशा ठरविणे त्यास व आपणांस दोघांसही सुकर होईल.